क्लाउडच्या शाळेत मोडतोड माफ!

बारामतीतून इंदापूर रस्त्याला लागलात की पिंपळी-लिमटेक लागतं. तुकोबांची पालखी इथूनच पुढे काटेवाडीला जाते. तिथलं मेंढ्यांचं रिंगण टीव्हीवर तरी पाहिलं असेलच! हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. ढग येतात, मिरवतात, फोटो काढून घेतात आणि न बरसता पुढे सटकतात.

पण माहीत आहे का? इथं एक ढग बारा महिने मुक्कामाला आहे. तो पाऊस पाडत नाही, क्लास घेतो! झेडपीच्या गुरुजींपासून एमआयडीसीतल्या स्टोअरकीपरपर्यंत आणि तहसील कचेरीतल्या बाबूंपासून ऊसवाल्या काकांपर्यंत, ज्याला कामासाठी नवं काही शिकायचंय तो आज मोबाइल काढतो आणि कुठल्या तरी लांबच्या बिल्डिंगमधल्या कम्प्युटरला जाऊन भिडतो. त्या बिल्डिंगचं नाव, तुम्ही ओळखलंच, क्लाउड.

तर चला, सीट बेल्ट लावा. गाडी भरधाव जाणार आहे.

आधी मीठ, मग डेटा

माहीत आहे का, बारामतीकर क्लाउडच्या प्रयोगांना आजचे सरावलेले नाहीत? १९७३ ते १९८६ या काळात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेने अहमदनगर-बारामती भागात ११ पावसाळे एक भन्नाट प्रयोग केला. विमान ढगात न्यायचं आणि चक्क मीठ फवारायचं! कुठल्या दिवशी फवारायचं आणि कुठल्या दिवशी नाही, हे आधी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. म्हणजे नंतर आकड्यांत कुणी गडबड काढू नये. निकाल? मीठ खाल्लेल्या ढगांनी सुमारे २४ टक्के जास्त पाऊस दिल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं.

खाल्ल्या मिठाला जागणारे ढग! अशी जमात फक्त आपल्याकडेच.

वावर हेच वर्कप्लेस

ऑफिस म्हटलं की एसी आणि फिरती खुर्ची आठवते? मग हे ऐका. २४ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टचे सर्वेसर्वा सत्या नडेला यांनी एक व्हिडिओ टाकला. विषय: बारामतीचा ऊस! त्यावर इलॉन मस्कचीही कॉमेंट आली, एआय सगळ्याच गोष्टी सुधारेल अशा अर्थाची. उसाच्या फडाला मिळाले एवढे मोठे प्रेक्षक तमाशाच्या फडालाही मिळाले नसतील.

भानगड अशी. माळेगावजवळ शारदानगरला अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आहे, अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभा केलेला. दुष्काळी भागात पाणी अडवण्यापासून सुरुवात झालेली ही संस्था. तिने मायक्रोसॉफ्टला आणि ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांना सोबत घेतलं आणि उसाला क्लाउडशी जोडलं. जमिनीत सेन्सर, शिवारात हवामान केंद्र, वरून उपग्रहाचे फोटो. ही सगळी माहिती मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर नावाच्या क्लाउडवर जाते, तिथं एआय तिचा ताळा जुळवतं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप येतो: आज पाणी सोडा, इथं खत द्या, त्या कोपऱ्यात कीड दिसतेय. पहिल्या टप्प्यात सुमारे हजार शेतकरी घेतले.

आता म्हणाल, यात ट्रेनिंग कुठं आलं? अहो, हेच तर खरं ट्रेनिंग! पूर्वी शेतकरी मेळावा व्हायचा, मांडवात तज्ज्ञांचं भाषण व्हायचं, चहा व्हायचा. घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असायचं. इथं धडा रोज येतो, एकाच प्लॉटचा येतो आणि ज्या दिवशी गरज त्याच दिवशी येतो. परीक्षा काट्यावर, टनात! कॉर्पोरेटवाले ज्याला ‘काम करता करता शिकणं’ म्हणून लाखोंच्या स्लाइड्स दाखवतात, ते आपले काका बांधावर उभं राहून करतात.

आणि यातलं अ‍ॅग्रीपायलट हे अ‍ॅप ज्या कंपनीचं आहे तिचं नाव माहीत आहे का? क्लिक टू क्लाउड! नावातच सगळा पत्ता दिलाय, चुकायची सोय नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर या गोष्टीतला हिरो एआय नाही. मराठीतला निरोप हा हिरो आहे. तोच निरोप इंग्रजीत आला असता तर उसाला पाणी नक्की मिळालं असतं, पण शेजाऱ्याच्या पोराने वाचून दाखवल्यावर.

इथं प्रश्न विचारायची जुनी खोड

बारामतीला हे सगळं एका रात्रीत सुचलं असं वाटतंय? २००३ मध्येच आयआयटी मुंबईने ‘आक्वा’ नावाची ऑनलाइन सोय काढली होती. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, तज्ज्ञाने उत्तर द्यायचं. आणि उत्तरं देणारे तज्ज्ञ कुठले? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे! तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हते आणि ‘क्लाउड’ म्हटलं की लोक आकाशाकडेच बघायचे.

त्याच्याही आधीचा किस्सा वारणानगरचा. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. गावोगावी कम्प्युटर, उसाचा हिशेब स्क्रीनवर. थाटच वेगळा! मग २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी जाऊन नीट पाहिलं की लोक या कम्प्युटरवर नक्की करतात काय. उत्तर निघालं: उसाचं वजन आणि बिल बघतात. एवढंच! मग काही गावांत कम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलवर एसएमएसने तीच माहिती दिली. स्वस्त पडली, सोपी पडली, लोक खूश. संशोधकांनी प्रकल्पाचं नाव ठेवलं ‘वारणा अनवायर्ड’. वायर आली, वायर गेली, ऊस तिथंच.

क्लाउडमध्ये एवढं काय विशेष आहे?

थांबा, थोडक्यात सांगतो. समजा कंपनीला तीस जणांना तीन दिवस नवं सॉफ्टवेअर शिकवायचंय. जुन्या जमान्यात तीस कम्प्युटरांची लॅब लागायची. खरेदी, टेंडर, वायरिंग, मग तीस ठिकाणी सीडी घालून इन्स्टॉल करणं. तीन दिवसांच्या ट्रेनिंगला तीन महिन्यांची तयारी! पण लग्न तीन दिवसांचं असताना मांडव कुणी विकत घेतं का? भाड्यानेच घेतात! क्लाउडने तेच केलं. तीस मशीन भाड्याने घ्या, शिकवा, संध्याकाळी पुसून टाका.

भाडं किती, माहीत आहे का? अ‍ॅमेझॉनने २००६ च्या ऑगस्टमध्ये कम्प्युटर तासावर द्यायला सुरुवात केली तेव्हा दर होता ताशी १० सेंट. त्या वेळच्या हिशेबाने साडेचार रुपयांच्या आसपास. कटिंग चहाच्या भावात कम्प्युटर! पुढे ऑक्टोबर २०१७ पासून तर सेकंदावर बिल लागायला लागलं. चाळीस मिनिटांचं प्रॅक्टिकल असेल तर चाळीस मिनिटांचेच पैसे.

फक्त एक अट: काम झालं की मशीन बंद करायचं. न केलं तर ते बिचारं रविवारीही इमानेइतबारे चालू राहतं आणि महिन्याच्या शेवटी अकाउंट्सवाले तुम्हाला नावाने हाक मारतात. क्लाउड शिकणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये असा एक तरी वीर निघतोच. बाकीची बॅच त्याच्याकडूनच शिकते.

पण मला विचाराल तर स्वस्ताई ही खरी गंमत नाहीच. खरी गंमत आहे मोडतोडीची! पूर्वी ट्रेनिंगला पहिलं वाक्य असायचं, ‘विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका.’ क्लाउडवरच्या लॅबमध्ये म्हणतात, ‘लावा की!’ डेटाबेस उडवा, सेटिंग बिघडवा, सर्व्हर आडवा पाडा. एक बटण दाबलं की मशीन मघाच्या अवस्थेत परत. साहेबांना पत्ताही नाही. मराठी माणूस एरवी नव्या मिक्सरचं प्लास्टिकसुद्धा वर्षभर काढत नाही, त्याला मोडायची परवानगी म्हणजे केवढी क्रांती!

टिक-टॉक, टिक-टॉक

अशा लॅबचा एक मशहूर नमुना म्हणजे क्विकलॅब्स. स्क्रीनवर घड्याळ उलटं धावतं, वेळ संपली की लॅब गायब. यातला मसाला माहीत आहे का? ही कंपनी आधी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं प्रॅक्टिकल शिकवायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिला विकत घेतलं कुणी? गूगलने! शेजाऱ्याचा क्लास टीचरच पळवला की राव.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ‘लर्न’ काढलं. धडा संपला की गुण, बॅज आणि ट्रॉफी. पन्नाशीतले मॅनेजर बॅजसाठी हिरिरीने भांडतात, हे दृश्य बालवाडीत शोभणारं असलं तरी फार उपयोगी आहे.

अ‍ॅमेझॉनने त्याच्याही वर कडी केली. त्यांच्या ‘क्लाउड क्वेस्ट’मध्ये तुम्ही एका काल्पनिक शहरात फिरता, लोकांच्या तक्रारी ऐकता आणि क्लाउड वापरून त्या सोडवता. आपल्या नगरसेवकांनाही हा गेम द्यायला हरकत नाही. जाऊ दे, विषयांतर नको.

अग्निशमन दलाचा जवान आणि युनिकॉर्न

आता खास आयटम! २००० च्या दशकात अ‍ॅमेझॉनमध्ये जेसी रॉबिन्स नावाचे एक गृहस्थ होते. व्हिजिटिंग कार्डावरचं पद: मास्टर ऑफ डिझास्टर. म्हणजे संकटसम्राट! हे साहेब मुळात प्रशिक्षित अग्निशामक. आग विझवणारे जवान जसे आग लागायच्या आधी सराव करतात, तसा सराव कम्प्युटरवाल्यांनीही का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. मग त्यांनी चालू यंत्रणेत मुद्दाम बिघाड करायला सुरुवात केली आणि इंजिनिअरांना धावायला लावलं. नाव ठेवलं ‘गेम डे’.

पुढे अ‍ॅमेझॉनने ग्राहकांसाठीही गेम डे काढले. त्यात शिकणारा माणूस एका कंपनीत नव्याने रुजू होतो. कंपनीचा धंदा काय, माहीत आहे का? युनिकॉर्न भाड्याने देणे! होय, डोक्यावर शिंग असलेला तोच तो घोडा. आधीचे सगळे कर्मचारी गायब झालेले, सिस्टीम धापा टाकतेय आणि गिऱ्हाईकं दारात. सांभाळा!

नेटफ्लिक्सवाल्यांनी एक माकडच पाळलं. केऑस मंकी नावाचा हा प्रोग्रॅम कामाच्या वेळेत चालू सर्व्हर वाटेल तसे बंद करत सुटतो. इंजिनिअर जागे राहावेत म्हणून! आपल्याकडे हेच काम महावितरण कित्येक वर्षं विनामूल्य करत आलंय, पण क्रेडिट मात्र कॅलिफोर्नियाला.

गूगलमध्ये अशा तालमी २००६ पासून चालतात. एका तालमीत डेटा सेंटरची वीज गेली असं मानून जनरेटर चालवायचे होते. डिझेल लागणार, आणि ते तातडीने विकत घ्यायला मंजुरी कुणाची, हेच कुणाला ठाऊक नाही! शेवटी एकजण सहा आकडी रक्कम स्वतःच्या क्रेडिट कार्डावर टाकायला तयार झाला. जगातली सगळ्यात हुशार कंपनी, आणि अडली कुठं? व्हाउचरवर. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या वाचकांनो, आता तरी न्यूनगंड सोडा.

एक टायपो, चार तास

गर्जेल तो पडेल काय, म्हणतात. हा ढग तर न गर्जताच पडला! २८ फेब्रुवारी २०१७. अ‍ॅमेझॉनचा एक इंजिनिअर बिलिंगच्या यंत्रणेतली संथपणाची तक्रार तपासत होता. थोडेच सर्व्हर काढायचे होते. कमांड देताना एक चूक झाली आणि भलतेच सर्व्हर गेले. सुमारे चार तास अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट्स आडव्या.

आणि कळस ऐका! ‘आमच्या सेवा नीट चालू आहेत का’ हे दाखवणारं अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं पानही त्याच बंद पडलेल्या सेवेवर टेकलेलं होतं. त्यामुळे सगळं कोसळलेलं असताना ते पान बदलताच येईना. कंपनीने शेवटी ट्विटरवर जाऊन हकिकत सांगितली. आभाळच फाटलं, ठिगळ लावायची सुईही आभाळातच!

२० ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा एकदा अ‍ॅमेझॉनचं क्लाउड घसरलं तेव्हा ‘कॅनव्हास’ हे ऑनलाइन शिकवण्याचं मोठं व्यासपीठही सोबत घसरलं. असंख्य विद्यार्थ्यांना दिवाळीतच अनपेक्षित सुट्टी. क्लाउडच्या शाळेला पावसाची सुट्टी नसते, पण अशी मिळते कधीकधी.

मध्य भारत म्हणजे पुणे, बरं का!

क्लाउड राहतो कुठं, माहीत आहे का? मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात तीन ठिकाणी डेटा सेंटरं उघडली: मुंबई, चेन्नई आणि पुणे. मुंबईचं अधिकृत नाव ‘वेस्ट इंडिया’, चेन्नईचं ‘साउथ इंडिया’ आणि पुण्याचं? ‘सेंट्रल इंडिया’! नागपूरकर भूगोलाचं पुस्तक घेऊन भांडायला उठतील. पुणेकरांना मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. देशाचा मध्य पुण्यातच आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

गणित करू या? बारामती ते पुणे साधारण शंभर किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर पळतो. म्हणजे केबल सरळ असेल तर एका बाजूचा प्रवास अर्ध्या मिलिसेकंदाचा. एसटीला अडीच-तीन तास, तेही हडपसरने वाट दिली तर.

अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. क्लाउड जवळ आला आणि त्याच्याकडे जायचं भाडं जवळपास फुकट झालं, दोन्ही अडीच महिन्यांच्या आत! ऑफिसचा कोर्स बसस्टँडवर बसून मोबाइलवर पुरा करण्याची जी सवय आपल्याला लागली, तिची मुळं या योगायोगात आहेत.

पनवेलला जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचं एनएम-१ हे डेटा सेंटर उघडलं. क्षमता ७,२०० रॅक. रॅक म्हणजे कपाट, आणि कपाटात कपडे नाहीत, सर्व्हर. आणखी येतंय: जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अ‍ॅमेझॉनने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं.

आणि सरकार? ते ढगात गोळ्या मारत बसलेलं नाही. केंद्राच्या क्लाउडचं नाव तर खास आहे: मेघराज! फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. नाव ऐकून पौराणिक नाटकातला राजा वाटतो, काम मात्र सर्व्हरचं. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचं पब्लिक क्लाउड धोरण आणलं आणि सरकारी खात्यांना क्लाउडची वाट मोकळी केली.

साहेब, तुमचे चार तास झाले का?

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ नावाचं ऑनलाइन व्यासपीठ आहे. मिशन कर्मयोगी २०२० चं. २०२५ मध्ये त्यावरच्या नोंदणीने एक कोटीचा टप्पा ओलांडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर ‘कर्मयोगी सप्ताह’ झाला आणि प्रत्येकाला किमान चार तास शिकण्याचं लक्ष्य दिलं. हरिनाम सप्ताह ऐकला होता, हा कोर्सनाम सप्ताह!

माहीत आहे का, साहेबांचं आयगॉट आणि गुरुजींचं ‘दीक्षा’ ही दोन्ही एकाच मुशीतली आहेत? दोन्हींच्या तळाशी बेंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनने बनवलेलं सनबर्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर. दीक्षा सुरू झालं ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी. पुढे कोरोनाच्या काळात शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षणही त्याच्यावरच आलं. पाठ्यपुस्तकातला तो चौकोनी क्यूआर कोड दिसतो ना? त्यामागेही दीक्षाच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मायक्रोसॉफ्टशी करार केला. मुंबई, पुणे आणि नागपूर इथं एआय केंद्रं आणि कर्मचाऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण. म्हणजे मघाशी सांगितलेले बॅज आणि ट्रॉफ्या आता मंत्रालयातही!

पण एमएस-सीआयटीला विसरू नका

या सगळ्यांची थोरली बहीण आपल्या घरातली. एमकेसीएल ही कंपनी २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटीने गल्लोगल्ली कम्प्युटर क्लास नेला. एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केलाय. एका राज्यातल्या एका कोर्सला एक कोटी! सरकारी कर्मचाऱ्यांची वेतनवाढ या सर्टिफिकेटपाशी अडायची, त्यामुळे रिटायरमेंटला टेकलेले भाऊसाहेब आणि दहावीची मुलगी शेजारी शेजारी बसून माउस धरायला शिकले. बहुतेक वेळा मुलगी शिकवायची. मी या दृश्याला महाराष्ट्राच्या आयटी इतिहासातलं सर्वोत्तम दृश्य म्हणायला तयार आहे.

त्याआधी नोकरीचं तिकीट होतं टायपिंग. माहीत आहे का, भारतातला पहिला देशी टाइपरायटर १९५५ मध्ये मुंबईच्या गोदरेजने बनवला आणि शेवटी शेवटी हे टाइपरायटर बनायचे सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला? उत्पादन थांबल्याची बातमी २०११ मध्ये फुटली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ असं छापून टाकलं. शेवटचा नव्हताच तो! पण तोवर शिरवळ जगप्रसिद्ध झालं होतं.

आजोबांचा क्लाउड

क्लाउड नवा आहे म्हणता? १९६४ मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी कम्प्युटर आला. अख्ख्या देशात तसा दुसरा नव्हता, म्हणून देशभरच्या संस्था त्याच्यावरच आपली गणितं सोडवून घ्यायच्या. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला जायचं, रांगेत ठेवायचे आणि उत्तराची वाट बघायची. मशीन एक, गिऱ्हाईकं अनेक. अपलोडचा वेग: डेक्कन क्वीनएवढा!

कम्प्युटरची ताकद विजेसारखी किंवा फोनसारखी सार्वजनिक सेवा होईल, हे जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच सांगितलं होतं. आणि एका मोठ्या कम्प्युटरला पडदे जोडून लांबच्या माणसाला शिकवायचा उद्योग? तो इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ या नावाने १९६० पासूनचा. १९७२ मध्ये त्यांच्या पडद्याला बोट लावलं की उत्तर मिळायचं. टचस्क्रीन, १९७२ मध्ये!

सर्टिफिकेटलाही एक्सपायरी

मॅट्रिकचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलं की जन्मभर चालतं. क्लाउडचं नाही चालत! अ‍ॅमेझॉनचं तीन वर्षांत शिळं होतं. मायक्रोसॉफ्टची बरीचशी तर वर्षभरात, मात्र ती ऑनलाइन फुकटात ताजी करून मिळतात. कारण उघड आहे. ज्या स्क्रीनचा फोटो लावून शिकवायचं ती स्क्रीनच सहा महिन्यांत बदलते. पुस्तक छापून होईपर्यंत बटण डावीकडून उजवीकडे गेलेलं असतं.

नोकरदारांना फसव्या मेलपासून सावध करणारं ट्रेनिंगही आता क्लाउडवरून येतं. कंपनीच तुम्हाला खोटा लॉटरीचा मेल पाठवते आणि क्लिक केलंत की पडद्यावर धडा. या धंद्यातल्या नोबीफोर कंपनीचे ‘चीफ हॅकिंग ऑफिसर’ होते केविन मिटनिक, एके काळी एफबीआय ज्यांच्या मागे हात धुऊन लागली होती ते! चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, ही म्हण कंपनीने चक्क पगारावर ठेवली.

आणि हे शेवटचं, गरमागरम नव्हे, थंडगार. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हर एका सीलबंद नळकांड्यात घालून समुद्राच्या तळाला सोडले. दोन वर्षांनी वर काढून मोजदाद केली, तर जमिनीवरच्या सर्व्हरच्या तुलनेत बिघाड फक्त एक अष्टमांश! कारणं त्यांनी दोन मांडली: आत ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन होता, आणि मशीनला धक्के देणारा, वायर हलवणारा एकही माणूस नव्हता.

हे मात्र तुमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्याला वाचून दाखवू नका. तो आधीच सर्व्हर रूमची किल्ली कुणाला देत नाही.